जहाजांना हाक मारणारा दिवा

अनुवादाचे काम करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. न पाहिलेल्या वस्तूंविषयीही तो मोठ्या आत्मविश्वासाने लिहू लागतो. ‘दीपगृह’ हा शब्द मी आजवर किती वेळा लिहिला असेन, याची गणतीच नाही. कधी त्याऐवजी ‘दीपस्तंभ’ लिहिला, कधी वाक्याची लय सांभाळण्यासाठी दोन्ही वापरले. पण रात्रीच्या वेळी समुद्रकिनारी उभे राहून तो दिवा पाहण्याचा योग काही आला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात कचेरीच्या कामासाठी चेन्नईला जायचे ठरले, तेव्हा माझा दहा वर्षांचा मुलगाही बरोबर निघाला. त्याच्या शाळेत चित्रांचे प्रदर्शन भरणार होते आणि त्याने नेमका दीपगृहाचाच विषय निवडला होता. त्याचे चित्र जवळजवळ तयार होते. हिरवट खडक, त्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा, कोपऱ्यात हसरा सूर्य आणि मनोऱ्याच्या माथ्यावरून चारी दिशांना निघालेले पिवळे किरण! “अरे, दिवसा दिवा कोण लावतो?” असे मी त्याला म्हटले. “मग दिवसा मनोऱ्याचा काय उपयोग? आणि हे पट्टे कशाला असतात?” त्याने विचारले. “पट्टे शोभेसाठी,” मी सांगून टाकले. त्याने मुकाट्याने पिवळे किरण खोडून काढले. ते माझे उत्तर पुढे मलाच परत घ्यावे लागणार होते.

एक शहर, चार दिवे

आमच्या मासिकाच्या तमिळ आवृत्तीच्या संपादिकाबाई चेन्नईच्याच. मुलाने पहिल्याच दिवशी त्यांना ‘मावशी’ करून टाकले. आमचा हेतू कळताच त्या म्हणाल्या, “मग तुम्हांला चार दीपगृहे पाहावी लागतील. आमच्या शहराने दिव्यासाठी चार वेळा घर बदलले आहे.”

चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, नैसर्गिक बंदर नव्हते. किनारा सरळ आणि उघडा. त्यावर लाटांचा अखंड मारा. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत आणि माणसे व माल ‘मसुला’ नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर येई. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. त्यामुळे लाटेच्या तडाख्याने त्या मोडण्याऐवजी वाकत. अशा किनाऱ्यावर रात्री येणाऱ्या जहाजाला जमीन नेमकी कोठे सुरू होते हे कळणे म्हणजे जीवन-मरणाचाच प्रश्न होता.

पहिला दिवा १७९६ साली फोर्ट सेंट जॉर्जमधील एका इमारतीच्या छपरावर लागला. तो खोबरेल तेलाचा होता. त्या इमारतीत आज किल्ल्याचे संग्रहालय आहे. देवघरातल्या समईला लागते तेच तेल सातासमुद्रांवरून येणाऱ्या जहाजांनाही वाट दाखवीत होते, हे ऐकून मुलाला मोठी गंमत वाटली. दुसरा दिवा १८४४ पासून किल्ल्याच्या उत्तरेस उभारलेल्या एका उंच ग्रॅनाइटच्या स्तंभावर तेवू लागला. हा स्तंभ आज उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. त्याची घडण ग्रीक पद्धतीची, भारदस्त. माथ्यावर आता दिवा नाही. पुढे न्यायालयाची तांबड्या विटांची भव्य इमारत १८९२ मध्ये उभी राहिली. तिचा सर्वांत उंच घुमट स्तंभाहूनही वर गेल्यामुळे १८९४ साली दिवा तिकडे हलला. खाली न्यायदान आणि वर दीपदान, असा हा दुहेरी कारभार ऐंशीहून अधिक वर्षे चालला.

या दिव्याच्या हयातीतच मद्रासने एक भयंकर रात्र पाहिली. २२ सप्टेंबर १९१४ रोजी ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका काळोखातून किनाऱ्याजवळ आली आणि तिने बंदरालगतच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. युद्ध सुरू झाले होते, तरी शहराचे दिवे नेहमीप्रमाणे लागलेले होते. त्या घटनेची स्मरणशिला आजही न्यायालयाच्या भिंतीपाशी आहे. ती पाहताना मनात आले, की दिवा आपला-परका ओळखत नाही. समुद्रावरच्या प्रत्येकाला तो सारखीच वाट दाखवतो. त्याचा मोठेपणा यातच आहे आणि धोकाही यातच.

चौथे आणि आजचे दीपगृह मरीना किनाऱ्यावर आहे. १९७७ च्या जानेवारीत ते सुरू झाले. मनोरा गोल नाही, त्रिकोणी आहे आणि त्यावर तांबडे-पांढरे पट्टे आहेत. वर जाण्यासाठी उद्वाहक, म्हणजे आपली लिफ्ट, आहे. सज्जावर पोहोचताच मुलाने तेथील कर्मचाऱ्याला आपला तोच प्रश्न विचारला, “हे पट्टे कशासाठी?”

त्या गृहस्थांनी त्याला कठड्यापाशी नेले. “ती पाहा, मागे किती पांढऱ्या-पिवळ्या इमारती आहेत! समुद्रावरून दिवसा पाहणाऱ्याला त्या गर्दीत हा मनोरा ओळखू कसा यावा? रात्री त्याची ओळख दिव्याने आणि दिवसा पट्ट्यांनी. हा त्याचा दिवसाचा पोशाख आहे, बाळ.”

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी समुद्राकडे पाहिले.

प्रकाशाला दिशा देण्याची विद्या

वर उभे राहिले, की दीपगृह उंच का असते हे न सांगता कळते. पृथ्वी गोल आहे. वाळूत उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असते; पंचेचाळीस मीटर उंचीवरून तेच सुमारे चोवीस किलोमीटरवर जाते. जहाजाच्या डेकवर नऊ-दहा मीटर उंचीवर उभा असलेला खलाशी त्याच्या बाजूनेही दहा-अकरा किलोमीटर पाहू शकतो. म्हणजे स्वच्छ हवेत या दोघांची दृष्टादृष्ट पस्तीस किलोमीटरच्या अंतरावर होते. मनोऱ्याची उंची ही अशी हिशेबाने ठरलेली असते.

पण नुसती उंची पुरेशी नाही. ज्योतीचा प्रकाश चोहोकडे सांडतो. आकाशाकडे आणि जमिनीकडे गेलेला प्रकाश खलाशाच्या काय कामाचा? ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा प्रश्न सोडवला. एकच प्रचंड भिंग ओतण्याऐवजी त्याने मध्यभागी एक भिंग आणि त्याभोवती काचेच्या लोलकांची वर्तुळे अशी रचना केली. वर-खाली वाया जाणारा प्रकाश हे लोलक वळवून क्षितिजाच्या पातळीत आणतात. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआन येथील दीपगृहावर हे भिंग प्रथम बसवण्यात आले आणि पाहता पाहता जगभर पसरले. मोठी भिंगे टनावारी वजनाची असत. ती सहज फिरावीत म्हणून पाऱ्यावर तरंगती ठेवीत आणि घड्याळासारख्या यंत्राने, खाली उतरत जाणाऱ्या वजनाच्या बळावर, फिरवीत. ते वजन पुन्हा वर चढवण्यासाठी रखवालदाराला रात्रभर जागे राहावे लागे.

भिंग फिरते, म्हणून दूरच्या माणसाला दिवा लुकलुकताना दिसतो. पण हे लुकलुकणे यदृच्छेने होत नाही. किती झोत आणि किती सेकंदांनी, हे प्रत्येक दीपगृहाचे ठरलेले असते. नकाशावर व दीपसूचीत ते छापलेले असते. जवळजवळच्या दोन दीपगृहांची लय सहसा सारखी नसते. देवळातल्या घंटेवरून गावकऱ्याला गाव ओळखता यावे, तसा खलाशी लयीवरून किनारा ओळखतो.

भारताच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर आज दोनशेंहून अधिक दीपगृहे आहेत. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१ च्या नव्या कायद्याने घेतली असून त्यात केवळ दिव्यांचाच नव्हे, तर रेडिओ आणि उपग्रह यांवर चालणाऱ्या साधनांचाही समावेश झाला आहे. आता जहाजावर उपग्रहाच्या साहाय्याने स्थान कळते. म्हणून ‘दीपगृहे आता कशाला हवीत?’ हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. मीही तो विचारला. कर्मचारी हसून म्हणाले, “उद्या महाबलीपुरमला जाणार ना? तेथल्या मच्छीमारांना विचारा.”

मंदिराच्या माथ्यावरचा दीप

चेन्नईहून दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटरवर महाबलीपुरम, म्हणजे मामल्लपुरम. पल्लव राजांनी सातव्या-आठव्या शतकांत येथील खडकांना जणू वाचा दिली. गंगावतरणाचा तो विराट शिलापट, एकसंध दगडांतून कोरलेले रथ आणि लाटांच्या अगदी जवळचे किनारी मंदिर यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९८४ साली या सर्व समूहाला जागतिक वारशाचा मानही मिळाला. पण आम्हांला टेकडीवर जायचे होते.

टेकडीवर दोन वास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक आहे ओलक्कण्णेश्वर हे पल्लवकालीन शिवमंदिर. महिषासुरमर्दिनीची गुहा खाली आणि हे मंदिर बरोबर तिच्या माथ्यावर. गुहेत एका भिंतीवर सिंहारूढ दुर्गा महिषासुरावर चाल करून जात आहे आणि समोरच्या भिंतीवर शेषशायी विष्णू शांतपणे पहुडला आहे. मंदिराचे शिखर आता नाही. माथा सपाट झाला आहे. येथे पूर्वी जाळ पेटवून जहाजांना खूण करीत, असे गावकरी सांगतात. १८८७ साली या मंदिराच्या माथ्यावर रीतसर दिवा बसवण्यात आला आणि शेजारी बांधलेल्या दगडी मनोऱ्यावर तो १९०४ पासून तेवू लागला. या मनोऱ्याला रंगीत पट्टे नाहीत. ज्या दगडातून पल्लवांनी देव घडवले तशाच दगडाचा तो आहे, आणि त्यामुळे मंदिराच्या शेजारी परका वाटत नाही.

संपादिकाबाईंनी येथे एक गोष्ट सांगितली. दीपगृहाला तमिळमध्ये ‘कलंगरै विळक्कम’ म्हणतात. हा शब्द ‘सिलप्पदिकारम्’ या प्राचीन महाकाव्यात आला आहे. ‘पेरुम्पाणाट्रुप्पडै’ या संघकालीन काव्यातही एका बंदरातील उंच घरावर रात्री पेटवलेल्या दिव्याचे वर्णन आहे. ‘कलम्’ म्हणजे जहाज आणि ‘करै’ म्हणजे हाक मारणे. “म्हणजे तुमच्या ‘दीपगृहा’त दिवा कोठे राहतो ते सांगितले आहे,” त्या म्हणाल्या, “आणि आमच्या शब्दात तो काय करतो ते.”

मी निरुत्तर झाले. आपल्याकडे देवळापुढच्या दीपमाळा आहेत. जेजुरीच्या पायऱ्या चढताना त्या पाहिल्या आहेत. पण दीपमाळ देवासाठी उजळते. जहाजांना हाक मारणारा दिवा हा कोणा अनोळखी माणसासाठी असतो.

मनोऱ्याच्या आतला चक्राकार जिना चढून आम्ही वर गेलो. पूर्वेला अथांग समुद्र, त्याच्या काठी किनारी मंदिराची दोन शिखरे, दक्षिणेला दूर कल्पाक्कमचे अणुऊर्जा केंद्र. मुलाने चित्रवही उघडली आणि बराच वेळ काहीच काढले नाही.

चित्रकारांची नजर

याच टेकडीच्या परिसरात १७९३ च्या सुमारास दोन इंग्रज चित्रकार फिरत होते. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम. त्यांनी येथील कोरीव खडकांची आणि गुहामंदिराची चित्रे काढली. मद्रासचा किल्ला आणि त्यापुढे लाटांवर उसळणाऱ्या होड्याही रंगवल्या. येथून ते मुंबईला गेले. तेथे त्यांना जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार भेटला. हा वेल्स म्हणजे पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव पेशव्यांचे आणि नाना फडणविसांचे चित्र काढणारा. पुढे डॅनियल काका-पुतण्यांनी वेरुळच्या लेण्यांची जी चित्रमाला प्रसिद्ध केली, ती वेल्सच्याच रेखाटनांवरून.

पण मला सांगायचे आहे ते विल्यमविषयी. भारतातून परतल्यावर काही वर्षांनी त्याने ब्रिटनच्या किनाऱ्याची प्रदक्षिणा आरंभली. १८१४ ते १८२५ या काळात तिची आठ खंडांची चित्रमाला प्रसिद्ध झाली. तीत ३०८ चित्रे आहेत. त्यांतील एक आहे वादळातले बेल रॉक दीपगृह. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून अकरा मैलांवर समुद्रात एक खडक आहे. भरतीच्या वेळी तो पाण्याखाली बुडतो आणि म्हणूनच शतकानुशतके जहाजांचा काळ ठरला होता. रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याच्या देखरेखीखाली तेथे १८०७ पासून मनोरा बांधण्यात आला. ओहोटीच्या मोजक्या तासांत कामगार खडकावर उतरत आणि पाणी चढू लागले की परत फिरत. १ फेब्रुवारी १८११ रोजी दिवा लागला. मनोरा आजही उभा आहे.

टर्नर या विख्यात चित्रकारानेही हेच दीपगृह १८१९ साली रंगवले. स्टीव्हन्सनच्या ग्रंथासाठी ते चित्र हवे होते. टर्नर त्या खडकावर गेला नव्हता. दुसऱ्यांच्या रेखाटनांवरून त्याने ते केले. तरीही त्यातील समुद्र असा खवळलेला आहे, की पाहणाऱ्याने दोन पावले मागे सरावे. न पाहिलेल्या वस्तूविषयी लिहिणाऱ्या मला त्याचा थोडा आधार वाटला. पण टर्नरने समुद्र आयुष्यभर पाहिला होता, हेही लगेच आठवले.

याच्या अगदी उलट आहे अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर याचे १९२९ सालचे चित्र. मेन राज्यातील एका टेकडीवर पांढरे दीपगृह उन्हात उभे आहे. वादळ नाही, जहाज नाही, समुद्रही दिसत नाही. दिवाही लागलेला नाही. आहे तो मनोऱ्याच्या एका अंगावरचा लख्ख प्रकाश आणि दुसऱ्या अंगावरची गार सावली. तरी पाहताना वाटते, की हा कोणाची तरी वाट पाहत आहे. १९७० साली मेन राज्याला दीडशे वर्षे झाली, तेव्हा अमेरिकेच्या टपाल तिकिटावर हेच चित्र छापले गेले.

म्हणजे दिवसाच्या उन्हातले दीपगृहही चित्राचा विषय होऊ शकते. मी मुलाला हे सांगितले आणि त्याच्या हसऱ्या सूर्याविषयी मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली.

वाळूवरची संध्याकाळ

सूर्य मावळताना आम्ही किनाऱ्यावर उतरलो. होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या सावलीत एक वृद्ध मच्छीमार जाळ्याची भोके सांधीत बसले होते. संपादिकाबाईंनी त्यांना ‘अय्या’ म्हणून हाक मारली आणि आमचा प्रश्न विचारला: आता यंत्र आहे, मग दिवा कशाला?

त्यांनी मान वर केली नाही. जाळे सांधता सांधताच ते बोलू लागले आणि बाई आम्हांला सांगू लागल्या. ते आणि त्यांचा मुलगा रात्री मासेमारीला गेले होते. यंत्र होडीत होतेच. परतताना पाऊस आला, लाटा वाढल्या आणि यंत्रात पाणी गेले. पडदा काळा झाला. चहूकडे अंधार. मुलगा तरुण, यंत्रावरच वाढलेला. तो घाबरला. बऱ्याच वेळाने एक उजेड दिसला. “मी त्याला म्हटले, लगेच तिकडे वळू नकोस. आधी मोज.”

“काय मोजायचे?” माझ्या मुलाने विचारले.

“उजेड येतो आणि जातो. पुन्हा येईपर्यंत किती आकडे होतात, ते. किनाऱ्यावर दिवे पुष्कळ आहेत, हॉटेलांचे, रस्त्यांचे. आणि वरच्या अंगाला दुसरे दीपगृहही आहे. आपला कोणता, हे मोजूनच कळते. त्याने तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा तेवढेच आले. मग तो रडला.” वृद्धांनी दोरा दातांनी तोडला. “आता तो दर वेळी मोजतो. यंत्र चालू असले तरी.”

दिवसा काय करता, असे मी विचारले. त्यांनी टेकडीकडे आणि मग किनारी मंदिराकडे बोट दाखवले. टेकडीवरचा मनोरा आणि मंदिराचे शिखर एका रेषेत आले की होडी कोठे आहे ते कळते; रेषा मोडली की प्रवाहाने ओढले. जुन्या दर्यावर्द्यांनी या गावाला ‘सात देवळे’ म्हणून ओळखले, ते समुद्रावरून दिसणाऱ्या शिखरांमुळेच असावे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीच्या आधी समुद्र आत ओसरला, तेव्हा वाळूखालचे कोरीव खडक उघडे पडले होते. त्याच समुद्राने मग किती घरे नेली, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

अंधार पडला. टेकडीवर दिवा लागला. आता तो आपोआपच लागतो. माझी कल्पना होती, की प्रकाश चहूकडे पसरेल. तसे झाले नाही. एक फिकट पट्टा समुद्रावरून सरकत गेला, आमच्या डोक्यावरून निघून गेला आणि मागे पूर्वीपेक्षा गडद अंधार राहिला. मुलगा ओठ हलवीत मोजत होता. पट्टा परत आला. त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, “आई, तेवढेच आले.”

घरी परतल्यावर

परतीच्या वाटेवर चोलमंडल कलाग्राम लागले. चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९६६ साली कलावंतांनी येथे जमीन घेतली, हस्तकलेच्या वस्तू विकून चरितार्थ चालवला आणि समुद्राकाठी चित्रे-शिल्पे घडवली. मुलगा तेथे एका गर्द निळ्या चित्रापुढे थांबला आणि हा रंग कसा करतात, एवढेच विचारून पुढे गेला.

घरी आल्यावर त्याने जुने चित्र फाडले नाही. त्याने त्यात सूर्य तसाच ठेवला आणि पट्टे अधिक ठळक केले. मनोऱ्याच्या माथ्यावर किरण पुन्हा काढले नाहीत. मग नवा कागद घेतला आणि तो जवळजवळ सगळा काळ्या-निळ्या रंगाने भरून टाकला. खालच्या अंगाला एक होडी, तीत पाठमोरी दोन माणसे. वर डावीकडे मोहरीएवढा पिवळा ठिपका.

“अरे, आणि दीपगृह कोठे आहे?” मी विचारले.

“होडीतून एवढेच दिसते,” तो म्हणाला.

प्रदर्शनात त्याने दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली. पहिल्याखाली ‘दिवस’ आणि दुसऱ्याखाली ‘रात्र’ असे लिहिले. बहुतेक पाहुणे पहिल्यापाशी थांबले. दुसऱ्यात काय आहे हे पुष्कळांना कळले नाही. त्याला त्याचे फारसे काही वाटले नाही.

मी मात्र त्या आठवड्यात एका लेखाची मुद्रिते तपासताना ‘दीपगृह’ या शब्दापाशी थबकले. तो बदलला नाही. वाचकांच्या ओळखीचा शब्द आहे, तोच राहू द्यावा. पण त्या शब्दाच्या पलीकडे आता मला पावसातली एक होडी दिसते आणि तीत एक तरुण मुलगा भीत भीत आकडे मोजत असतो. आपल्या किनाऱ्यावरील पंचाहत्तर दीपगृहे २०२४ साली पर्यटनासाठी सज्ज झाली. वाचकांपैकी कोणी सहकुटुंब तेथे गेले, तर मनोरा जरूर चढावा. पण अंधार पडेपर्यंत थांबावे, मुलांना वाळूत उभे करावे आणि मोजायला सांगावे.